एका लिटरात चौदा

बेलटोल्याच्या सरकारी दवाखान्याची जीप एका लिटर पेट्रोलमध्ये चौदा किलोमीटर जाते, असं कागद म्हणत होता. कागदाचं काय जातं म्हणायला. प्रत्यक्षात ती जीप अठरा वर्षांची, डावीकडचं दार सुतळीनं बांधलेलं, चढ आला की दमेकऱ्यासारखी धापा टाकणारी. तिनं लिटरमागे सात किलोमीटर दिले तरी ड्रायव्हरनं तिची पाठ थोपटावी. वडशाच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारलं असतं तर त्यानं हसत हसत हेच सांगितलं असतं. पण जिल्ह्याच्या ऑफिसात टॅक्सीवाल्यांना विचारायची पद्धत नव्हती. तिथं लॉगबुक वाचायची पद्धत होती, आणि लॉगबुकात गेलं वर्षभर दर महिन्याला चौदाच येत होते.

त्या चौदाच्या खाली सही असायची सादिक शेखची. सादिक अकरा वर्षं त्या दवाखान्याचा रोजंदारीवरचा ड्रायव्हर. दर एकोणनव्वद दिवसांनी त्याला कागदावर कामावरून काढायचे आणि एक दिवस मध्ये सोडून परत घ्यायचे. त्या एका दिवशीही गाडी तोच चालवायचा, कारण पेशंटला कुठलं असलं गणित कळतं. त्याची बायको खैरुन वडशाला ब्लाऊज शिवायची. ती म्हणायची की सरकारनं तुमचं नाव अकरा वर्षं पेन्सिलनं लिहून ठेवलंय, खोडरबर हाताशी धरून.

शहाण्णवच्या डिसेंबरात ते नाव पेनानं लिहायची वेळ आली. कायम करायची फाईल हलली. एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे गाडीची चाचणी. जिल्ह्याचे साहेब स्वतः येऊन जीपचं अ‍ॅव्हरेज काढणार. ते लॉगबुकाशी जुळलं की ऑर्डर, नाही जुळलं की अकरा वर्षांना रामराम.

आता हे चौदा आले कुठून ते सांगायला हवं, कारण त्यात सादिकनं एक थेंबही स्वतःसाठी चोरला नव्हता.

पूर्वी जीपला महिन्याला एकशेवीस लिटर पेट्रोल मिळायचं. सातच्या हिशेबानं आठशे चाळीस किलोमीटर. तेवढे किलोमीटर वीस तारखेच्या आसपास संपायचे आणि पुढचे दहा दिवस जीप दवाखान्यासमोर कडुलिंबाखाली उभी राहायची. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात अशाच एका बावीस तारखेला हेटीटोल्याचा दसरू चौदा किलोमीटर चिखल तुडवत आला. त्याची मुलगी सोमारी दोन दिवस अडली होती. सादिकनं त्याला रिकामी टाकी दाखवली. दसरूनं टाकीत डोकावून पाहिलं, सादिककडे पाहिलं, आणि म्हणाला, "लेकरू काय तारीख पाहून येते का, भाऊ?"

मग त्यानं विचारलं की तुझी गाडी मातीच्या तेलावर, म्हणजे रॉकेलवर चालते का. त्यानं कुठल्याशा बाजारात धानाची मशीन रॉकेलवर चालताना पाहिली होती. सादिकला माहीत होतं की चालते. जुनं पेट्रोल इंजिन एकदा पेट्रोलवर तापलं की रॉकेलही पिऊन घेतं. धूर ओकतं, खोकतं, पण चालतं. त्या दिवशी बेलटोल्याच्या चार घरांतून पाच लिटर रॉकेल जमलं आणि सोमारी वडशाच्या मोठ्या दवाखान्यात पोचली. पोरगी झाली, दोघी जगल्या.

तिथून सुरुवात. वडशाच्या जुबेर मिस्त्रीनं ड्रायव्हरच्या सीटखाली एक डबा बसवून दिला आणि पायापाशी एक पितळी तोटी. तोटी उजवीकडे असली की इंजिनाला पेट्रोल, डावीकडे केली की रॉकेल, आणि मधोमध धरली की दोन्ही थोडं थोडं. याच जीपमधून मलेरियाच्या फवारणीचं सामान जायचं, त्यामुळे वास कुणाला खटकला नाही. हेटीटोल्यानं आणि आजूबाजूच्या टोल्या-पाड्यांनी आपणहून ठरवलं की पंडुमाला, म्हणजे सणाला, जसं घरोघरचं धान्य गोळा होतं तसं महिन्याला घरामागे थोडं रॉकेल जीपचं. दसरूनं त्यात एक नियम घातला. आपल्या शिवेत जीप बंद पडली, तर ज्याच्या कानावर पहिले जाईल त्यानं बाटली घेऊन निघायचं. काय झालं, कोण आहे, काही विचारत बसायचं नाही. जीप थांबली म्हणजे आत माणूस अडलाय.

सादिकनं कधी मागितलं नाही. पण लॉगबुकात पेट्रोलचा एक रकाना आणि किलोमीटरचा एक रकाना. रॉकेल लिहायचं कुठं? आणि लिहिलं तर रेशनचं रॉकेल गाडीत घातल्याचा गुन्हा. त्यानं पेट्रोल खरं लिहिलं, किलोमीटरही खरे लिहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि त्यांचा भागाकार सपशेल खोटा.

वर्षअखेरीला जिल्ह्याच्या ऑफिसात कुणीतरी तो भागाकार केला. दहा आले. लगेच पत्र आलं की आपली गाडी दहा देते, सबब मंजूर आठशे चाळीस किलोमीटरना चौऱ्याऐंशी लिटर पुरे. पेट्रोल कमी झालं म्हणून रॉकेल वाढलं. रॉकेल वाढलं म्हणून पुढच्या वर्षी बारा आले. कोटा सत्तरवर. मग चौदा आले आणि कोटा साठवर. सादिकला सगळं दिसत होतं. जितके दिवस तो पेशंट पोचवत होता तितकी गाडी कागदावर गुणी ठरत होती, आणि गाडी गुणी ठरली की तिच्या तोंडचं पेट्रोल काढून घेत होते. आता साठ घरांचं महिन्याला साठ लिटर रॉकेल जात होतं. रेशनवर घराला मिळायचं तीन लिटर. त्यातलं एक जीपचं.

गेल्या भाद्रपदात दसरूचा अंगणात सापावर पाय पडला. घरात चिमणी होती, पण तेल वाचवायचं म्हणून ती जेवणापुरती लावून विझवायचे. सादिकनं त्याला जीपमध्ये घेतलं, डब्यातलं रॉकेल दसरूच्याच घरचं होतं. वडशाचं रेल्वे फाटक लागायच्या आधी दसरू गेला. त्याच्या बायकोनं, बुधरीनं, सादिकला एका शब्दानं बोल लावला नाही. पुढच्या महिन्याचं एक लिटर तिनं वेळेवर दिलं. सादिकला तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं, हे मी उगाच लपवत नाही.

तेव्हा चाचणीच्या दिवशी सकाळी सादिकसमोर तीन रस्ते होते आणि तिन्हींच्या तोंडाशी काटेरी कुंपण. खरे सात दाखवले, तर साहेब विचारणार की मग वर्षभर चौदा कसे. म्हणजे अर्ध्या खेपा झाल्याच नाहीत, तू घरी बसून लिहिल्यास. सोमारी, दसरू, सगळे कागदावर खोटे. रॉकेलचं सांगितलं, तर नोकरी गेलीच, वर देणाऱ्यांची रेशनकार्डं धोक्यात. आणि तोटी फिरवून चौदा दाखवले, तर तो कायम होणार, कोटा साठच राहणार, आणि टोल्यांवरच्या चिमण्या विझलेल्याच राहणार.

डॉक्टर स्वातीबाईंना हे सगळं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्या इथं आल्या, पहिल्याच आठवड्यात वास घेऊन त्यांनी विचारलं आणि सादिकनं सांगून टाकलं. दोनदा त्यांनी कोटा वाढवून मागितला, दोनदा उत्तर आलं की आपल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज उत्तम आहे. त्या दिवशी त्या व्हरांड्यात उभ्या होत्या.

"काय करणार आहात?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमीच सांगा ना बाई."

त्यांनी व्हरांड्यातून जीपकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लॉगबुकावर माझीही सही आहे, सादिकभाऊ. मी काहीही सांगितलं तरी ते माझ्या सोयीचं असेल. मी सांगणार नाही." आणि आत गेल्या. सादिकला त्यांचा राग आला. मग वाटलं, खोटं तरी बोलल्या नाहीत.

साडेनऊला साहेब आले. प्रफुल्ल चिंतलवार, वाहनांचे तपासणी अधिकारी, वय असेल अठ्ठावीस. पँटची इस्त्री कडक, खिशात दोन पेनं, हातात मापाचं काचेचं भांडं कापडात गुंडाळून आणलेलं, कुणाचं बाळ आणावं तसं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सादिकला सोपं गेलं असतं.

"सादिकभाऊ, तुमच्या गाडीचं फार नाव ऐकलं," साहेब म्हणाले. "खरं सांगू? मला विश्वास नाही बसत."

"पाहा ना जी मंग. गाडी समोर आहे."

अ‍ॅव्हरेज काढायची रीत अगदी साधी. टाकीची नळी काढायची, एका बाटलीत मोजून एक लिटर पेट्रोल घ्यायचं, बाटली उंचावर टांगायची, तिची नळी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला जोडायची आणि निघायचं. लिटर संपलं की गाडी आपोआप बंद पडते. जिथं बंद पडेल तिथं मीटर वाचायचा. यात कुणाला लबाडी करता येत नाही, असं साहेबांच्या पुस्तकात लिहिलं असावं. साहेबांनी बाटली स्वतः भरली, डोळ्यासमोर धरून रेघ तपासली आणि काचेच्या चौकटीला तारेनं टांगली. जोडायच्या वेळी सादिक म्हणाला, "राहू द्या साहेब, कपडे खराब होतीन. मी करतो." आणि त्यानं नळी तोटीच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला जोडली, म्हणजे पेट्रोल तोटीतूनच इंजिनाकडे जाणार. साहेबांनी ते पाहिलं, पण पाहून कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांच्या पुस्तकातल्या जीपला तोटी नव्हती.

निघताना सादिकचं काही ठरलेलं नव्हतं. तोटी उजवीकडे होती, निव्वळ पेट्रोलवर.

रस्ता मुरमाचा, दोन्हीकडे साग आणि मोहाची झाडं, मध्येच धानाच्या बांध्या. खळ्यांवर बैल फिरत होते. साहेब बाटलीवरून नजर हलवत नव्हते. पहिल्या किलोमीटरला पेट्रोल चांगलं बोटभर उतरलं. दुसऱ्याला आणखी बोटभर. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. खरं तर तो पडला नाही, गंभीर झाला, पण सादिकला तो पडलेलाच दिसला.

"सादिकभाऊ, हे चौदाच्या वाटेनं नाही चाललं," ते म्हणाले.

"थंडं आहे ना जी इंजिन."

"इंजिन तापलं तरी आठच्या पुढे जाणार नाही. मग मला खेपा तपासाव्या लागतील. एकेका गावात जाऊन." साहेबांचा आवाज चढला नव्हता. "एक सांगा, मधल्या खेपा झाल्या का खरंच?"

सादिकच्या डोळ्यासमोर दसरू आला, मागच्या बाकावर पाय आखडून पडलेला, शुद्ध असेपर्यंत फाटक आलं का विचारणारा. ती खेप झाली का खरंच. सादिकला इतकं लागलं की पायानं तोटी कधी मधोमध आणली ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. तीन वर्षांत त्याच्या अंगठ्याला तोटीची प्रत्येक जागा पाठ झाली होती. इंजिन एकदा अडखळलं, मग घोगऱ्या आवाजात चालू लागलं.

"तापलं," सादिक म्हणाला.

चौथ्या किलोमीटरला पेट्रोल जेमतेम अर्धं बोट उतरलं. पाचव्याला तितकंही नाही. साहेब पुढे वाकले. त्यांनी बाटलीला टिचकी मारली. सातव्या किलोमीटरला, कोसंबीच्या नाल्यावर, त्यांनी मीटर पाहिला, बाटली पाहिली, आणि एखाद्या पोरासारखे हसले. "अहो, हे तर भलतंच आहे."

"जुन्या गाड्या अशाच राह्यतेत जी," सादिक म्हणाला.

बाराव्या किलोमीटरवर त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. चौदावा किलोमीटर म्हणजे हेटीटोल्याची शीव. जीप तिथं बंद पडली की टोल्यावर ऐकू जाणार, आणि ज्याच्या कानावर पहिले जाईल तो निघणार. दसरूचा नियम. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

त्यानं तोटी हळूच उजवीकडे सरकवली, की पेट्रोल भराभर संपावं आणि गाडी अलीकडेच थांबावी. लगेच साहेब म्हणाले, "साडेतेरा तरी व्हायला हवेत. त्याच्या खाली आलं तर लॉगबुकाशी जुळलं असं मला लिहिता येत नाही, फार तर अर्ध्याचा फरक चालतो." सादिकनं तोटी परत मधोमध आणली. अलीकडे थांबलं तर नोकरी जाते आणि पलीकडे थांबलं तर बिंग फुटतं. मधला अर्धा किलोमीटर तेवढा आपला. अकरा वर्षांची नोकरी त्या अर्ध्या किलोमीटरवर येऊन ठेपली होती. साडेतेरा आणि शीव यांच्या मध्ये मोहाचं एक वाकडं झाड आहे. तिथं थांबव, या अल्ला, असं त्यानं मनात म्हटलं.

जीप वाकड्या मोहापाशी थांबली नाही. अठरा वर्षांत तिनं कधी सांगितलेलं ऐकलं नव्हतं, आजच कशाला ऐकेल. बाटलीच्या तळाशी थोडंसं उरलेलं पेट्रोल तिनं चाटूनपुसून घेतलं आणि हेटीटोल्याच्या शिवेच्या दगडापाशी आली. बाटली कोरडी झाली तशी सादिकनं पायानं तोटी पुरती उजवीकडे केली, रॉकेलही बंद. दोन आचके देऊन इंजिन निमूट झालं. जंगल एकदम मोठं वाटायला लागलं.

"चौदा पूर्णांक एक," साहेब म्हणाले.

त्यांनी ते फॉर्मावर लिहिलं, सही केली, शिक्कासुद्धा बोनेटवर ठेवून तिथंच मारला. मग फॉर्म पुढे केला. "सही करा. आणि मला माफ करा, सादिकभाऊ. मी तुमच्यावर संशय घेतला."

माफीनं सादिकला मारल्यासारखं झालं. त्यानं पेन हातात घेतलं.

"तुम्हाला गंमत सांगतो," साहेब खुशीत होते. "ऑफिसात दोन तट होते. एक म्हणतो अशी जीप चौदा देणंच शक्य नाही, दुसरा म्हणतो ड्रायव्हर चांगला असेल तर देईल. आता हा फॉर्म आहे. नवीन वर्षापासून जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा दवाखान्यांना चौदाच धरायचे. ज्याचं येणार नाही त्यानं तुमच्याकडून शिकून जावं."

अकरा दवाखाने. सादिकनं एकेका ड्रायव्हरचा चेहरा आठवून पाहिला. त्यांच्या जीपच्या सीटखाली डबा नव्हता, की रॉकेल घेऊन धावणारा दसरू नव्हता. वीस तारखेला बंद पडणाऱ्या जीपा आता दहा तारखेला बंद पडणार होत्या. आणि त्यांनी विचारलं की आमचं पेट्रोल कमी काऊन, तर उत्तर मिळणार होतं की बेलटोल्याचा सादिक कसा चालवतो.

तेवढ्यात टोल्याकडून पायवाटेनं कुणीतरी लगबगीनं येताना दिसलं. बुधरी होती. शेणानं भरलेले हात तसेच, पदर खोचलेला, आणि काखेत हिरवी बाटली, तोंडाला चिंधीचा बोळा. सादिकनं तिला हातानं थांबवायचा प्रयत्न केला. तिला वाटलं घाई कर म्हणतोय. ती पळतच आली.

"कोण आहे भाऊ आत?" तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता, आणि एक इस्त्रीचे साहेब बाहेर उभे होते. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. चालता-फिरता पेशंट दिसतोय, असं तिला वाटलं असावं. मग तिनं जास्त चौकशी न करता, हा हा म्हणता ड्रायव्हरची सीट उचलली, डब्याचं झाकण फिरवलं आणि रॉकेल ओतायला लागली. तिला त्यात काही लपवण्यासारखं वाटायचं कारणच नव्हतं.

साहेब डब्यापाशी आले. त्यांनी डबा पाहिला, डब्यातून निघालेली नळी पाहिली, नळीमागून नजर नेत तोटीपाशी पोचले. वाकून त्यांनी तोटी डावीकडे केली, उजवीकडे केली, मधोमध केली. मग आपल्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं.

"हे किती दिवसांपासून?" त्यांनी बुधरीला विचारलं.

"माह्या सोमारीच्या वक्तापासून जी. आता तिची पोरगी धावते." बुधरी बाटली अर्ध्यावर थांबवून म्हणाली. "घरामागं एक लिटर देऊन राह्यलो आमी."

"आणि घरात दिवा?"

"जेवाच्या वक्ती लावतो ना."

सादिकला वाटलं होतं की या क्षणी आपल्या पायाखालची जमीन सरकेल. उलट त्याला मोकळं वाटलं. सोमारीच्या खेपेपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून उभं राहिलं होतं. त्यानं पेन साहेबांच्या हातात परत दिलं.

"फाडा साहेब तो कागद. दुसरा लिवा. एक लिटर पेट्रोल, एक लिटर रॉकेल, चौदा किलोमीटर. सात पडले. खेपा साऱ्या झाल्या. मले काढून टाका, पण सात लिवा."

साहेबांनी दुसरा कोरा फॉर्म काढला. बोनेटवर ठेवला. पेनाचं टोपण उघडलं. आणि एकेका रकान्यावरून ते फिरवलं.

"यात रॉकेलचा रकाना नाही," ते म्हणाले.

"खाली लिवा. मागं लिवा."

"लिहितो. मागे लिहितो." साहेबांचा आवाज आता ऑफिसातला राहिला नव्हता. "मग वाचणारा पहिला प्रश्न विचारेल, रॉकेल कुणाचं? मला नावं द्यावी लागतील. या बाईचं पहिलं. रेशनचं रॉकेल, म्हणजे पुरवठा खात्याला कळवावं लागतं, माझ्या हातात नाही ते. साठ कार्डं रद्द होतील. डॉक्टर बाई जातील. तुम्ही तर जालच. आणि जीप येऊन बसेल कडुलिंबाखाली." ते थांबले. "पेट्रोल वाढेलही. वर्षाने, दोन वर्षांनी. मला माहीत नाही. मी लिहायला तयार आहे, सादिकभाऊ, देवाशपथ. तुम्ही सांगा काय लिहू."

आणि त्यांनी पेन सादिकसमोर धरलं.

माणूस वाईट नव्हता हेच खरं संकट होतं. शिव्या घातल्या असत्या तर सादिक भांडला असता. साहेबांनी सगळा निवाडा उचलून त्याच्या ओंजळीत ठेवला होता, आणि तो खाली ठेवायला कुठं जागा नव्हती. त्यानं बुधरीकडे पाहिलं. हे दोघं कशावर अडलेत ते तिला कळत नव्हतं. ती बाटली धरून ताटकळत होती, खळ्यावर काम पडलं असेल. तिच्या घरी तांदूळ, साखर, रॉकेल, सगळं त्या एका कार्डावर. कार्डावर अजून दसरूचंच नाव होतं.

"राहू द्या," सादिक म्हणाला. "लिवलं तेच राहू द्या."

साहेबांनी कोरा फॉर्म घडी करून खिशात ठेवला. सादिकनं पहिल्या फॉर्मावर, चौदा पूर्णांक एकच्या खाली, सही केली. साहेबांनी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. ते मापाचं भांडं पुसत बसले, जे आधीच कोरडं होतं.

"काय झालं जी?" बुधरीनं शेवटी विचारलंच. "भाऊचं काई चुकलं का?"

"नाही बाई," साहेब म्हणाले. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि जवळ तेवढी एकच चांगली बातमी होती. "सादिकभाऊ आता कायम झाले. पक्की नोकरी. त्यांना कुणी काढू शकत नाही."

बुधरीचा चेहरा उजळला. नवरा गेल्यापासून सादिकनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "म्हंजे तू आता कुठी जात नाईस?"

सादिकनं मान हलवली. तिनं ती होकाराची धरली.

"आमचा म्हतारा रोज म्हणे, याले काढलं तं आपल्याले कोण नेईन." तिनं पदरानं डोळे पुसले. मग हातातल्या बाटलीकडे पाहिलं. अर्धी बाटली अजून भरलेली होती, महिनाभराच्या जेवणापुरत्या उजेडाची. "मंग थांब भाऊ. आज सारंच टाकतो."

"नको बुधरीबाई. घरी लागते तुले."

"चूप रे. खुशीचं आहे."

सादिक तिचा हात धरायला पुढे झाला, पण कुठल्या हक्कानं धरायचा ते त्याला सुचलं नाही. तिनं बाटली डब्यावर उलटी केली आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत तशीच धरून ठेवली.